चालतं हो, सगळ्यांचं चालतं

मोटार कारखान्यातून ज्या अवस्थेत बाहेर पडते ती अवस्था मालकाला अपुरी वाटू लागली, की मॉडिफिकेशनला सुरुवात होते. हा काळ साधारणपणे पहिली फ्री सर्व्हिसिंग आणि तिसरा हप्ता यांच्या दरम्यान येतो. इंजिन, सायलेन्सर, स्प्रिंग, टायर आणि दिवे यांचा मेळ बसवण्यात कंपनीच्या इंजिनिअरांची काही वर्षं गेलेली असतात. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत तपासणी होऊन त्या मॉडेलला मान्यता मिळालेली असते. तरी या सगळ्या मंडळींच्या हातून काहीतरी राहून गेलं आहे, हे मालकाच्या लक्षात येतं. जे राहून गेलं ते कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला नेमकं माहीत आहे, असंही त्याच्या लक्षात येतं. गॅरेजवाल्याचं याबाबतीत दुमत नसतं.

मॉडिफिकेशनचे तीन प्रकार पडतात: जोर वाढवणारं, आवाज वाढवणारं आणि नुसतं दिसणारं. पैसे पहिल्यासाठी मोजले जातात, पदरात दुसरं पडतं आणि घरी तिसरं सांगितलं जातं. "काही नाही गं आई, जरा पॉलिश करून घेतली."

असा बदल केलेली गाडी रस्त्यावर चालवणं कायदेशीर आहे की नाही, याचं उत्तर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये आहे. कंपनीने मुळात ठरवलेल्या तपशिलांशी आरसी बुकातले तपशील जुळेनासे होतील, असा कोणताही बदल मालकाने गाडीत करू नये, असं हे कलम म्हणतं. कलमाला ही धार २००० सालच्या दुरुस्तीने आली. केरळ उच्च न्यायालयाने मध्यंतरी त्याचा जरा सैल अर्थ लावला होता. बदल नियमांच्या चौकटीत बसत असेल तर हरकत नाही, अशा धर्तीचा. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो अर्थ बाजूला सारला. गाडी कंपनीने बनवली तशीच राहिली पाहिजे, असा निकालाचा मथितार्थ. त्याच वर्षी कायद्यात १८२ए हे नवं कलम आलं आणि त्याच्या चौथ्या पोटकलमाने मालकाला थेट हात घातला. परवानगीत न बसणारा बदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

यातले "दर बदलामागे" हे शब्द ज्याने घातले त्याला मनुष्यस्वभावाची चांगली जाण असावी. आपल्या गाडीत सात कामं केली आहेत, असं मित्रांना बोटांवर मोजून सांगणारा मालक नाक्यावर त्याच गाडीविषयी बोलू लागला की आकडा झपाट्याने खाली येतो. "साहेब, एकच. तेही आधीच्या मालकाने केलेलं." गाडीचा आधीचा मालक म्हणजे शोरूम असली, तरी हे वाक्य उच्चारलं जातं.

उत्तर इतकं सरळ असताना प्रश्न विचारला जाणं मात्र थांबत नाही, कारण उत्तर कुणालाच पसंत नसतं. आवडतं उत्तर मिळेपर्यंत मालक विचारत राहतो. तो गॅरेजवाल्याला विचारतो, सामान विकणाऱ्या दुकानदाराला विचारतो, जिममधल्या मित्राला विचारतो, मित्राच्या त्या मेव्हण्याला विचारतो ज्याची आरटीओबाहेर झेरॉक्सची टपरी आहे. आरटीओत जाऊन खिडकीवर विचारलेला मालक अजून कुणाच्या पाहण्यात नाही. पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईला कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर कोणत्याही दुपारी हा संवाद ऐकायला मिळतो:

"हे चालतं ना?"

"चालतं हो. सगळ्यांचं चालतं."

"पोलीस धरत नाहीत?"

"धरलं तर बघू."

यातला "बघू" कोणाच्या वतीने उच्चारला गेला, हे विचारायचं मालकाला घरी पोचल्यावर सुचतं.

जोर वाढवण्याच्या कामाला हल्ली पाना लागत नाही, लॅपटॉप लागतो. इंजिनात इंधन किती जावं, ठिणगी कधी पडावी, टर्बोने हवा किती दाबावी, हे सगळं ईसीयू नावाची डबी ठरवते. या डबीतलं कोष्टक बदलण्याला रिमॅप म्हणतात. त्याच्या पायऱ्या असतात. स्टेज वनमध्ये फक्त कोष्टक बदलतं. स्टेज टूमध्ये एअर फिल्टर, डाउनपाइप आणि फ्री-फ्लो एक्झॉस्ट येतो. स्टेज थ्रीमध्ये मोठा टर्बो येतो आणि पाठोपाठ घरातलं कुणीतरी पासबुक बघायला मागतं. चाकणला बनणारी पोलो ही या पंथाची बरीच वर्षं लाडकी गाडी होती. लिटरभराच्या टर्बो पेट्रोल इंजिनाला कंपनी ११० पीएस देत असे. रिमॅपवाले त्यावर वीस-पंचवीसची पुरवणी जोडून देत. २०२२ मध्ये पोलोचं भारतातलं उत्पादन थांबलं, तेव्हा पुण्यातल्या कित्येक घरांत सुतकाचं वातावरण होतं.

रिमॅप कायदेशीर असल्याचा मालकाचा युक्तिवाद ऐकण्यासारखा असतो. आरसी बुकात इंजिनाची घनक्षमता लिहिलेली असते. रिमॅपने सीसी बदलत नाही. म्हणजे तपशील जुळला आणि विषय संपला. हा युक्तिवाद करणारा मालक नोंदणीच्या अर्जातल्या अश्वशक्तीच्या रकान्याकडे पाहत नाही. ज्या कोष्टकावर प्रदूषणाची चाचणी होऊन मॉडेलला मान्यता मिळाली ते कोष्टकच आता गाडीत नाही, या मुद्द्याकडे तर तो अजिबात पाहत नाही. वॉरंटीचं काय, असं विचारलं तर उत्तर तयार असतं: "सर्व्हिसिंगला देताना स्टॉक फाइल टाकून द्यायची. त्यांना काय कळतंय?" शोरूमच्या मेकॅनिकला काय कळतं ते गाडी स्कॅनरला लावल्यावर बाहेर येतं. ईसीयू किती वेळा लिहिला गेला याचा हिशेब बऱ्याच गाड्यांमध्ये ईसीयू स्वतःच ठेवत असतो.

वाढवलेला जोर वापरायचा कुठे, हा प्रश्न रिमॅप झाल्यानंतर पडतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीला कारसाठी ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे, घाटात ६० ची, आणि आता कॅमेरे आहेत. उरलेला सगळा पुणे जिल्हा संध्याकाळी सहानंतर हिंजवडीच्या चौकात उभा असतो. तिथे १३५ पीएसची गाडी आणि कंपनीची ११० पीएसची गाडी शेजारी शेजारी उभ्या राहून एकाच वेळी तीन फूट पुढे सरकतात. फरक इतकाच की पहिलीचा मालक क्लचवरचा पाय न काढता शेजारच्याला ऐकू जाईल असा एकदा रेस देतो. शेजारचा काच वर करतो.

स्टेज टूच्या नादात कॅटलिटिक कन्व्हर्टर काढला जातो. हा एक्झॉस्टच्या नळीत बसवलेला, मधाच्या पोळ्यासारखी छिद्रं असलेला ठोकळा. विषारी वायूंचं बऱ्यापैकी निरुपद्रवी वायूंत रूपांतर करणं हे त्याचं काम. त्यामुळे गाडी घुसमटते, असं गॅरेजवाला सांगतो. ठोकळा निघाल्यावर तो आपण होऊन म्हणतो, "हा घेऊन काय करणार तुम्ही? राहू द्या इथेच, मी टाकून देतो." मालक त्याच्या या उदारपणाने भारावून जातो. ठोकळ्यात प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम असतं आणि भंगारातही त्याला चांगला भाव येतो, हे मालकाला कळेपर्यंत गॅरेजवर नवी पाटी लागलेली असते.

यानंतरही गाडीला पीयूसी मिळते. पीयूसीच्या टपरीवर पेट्रोल गाडीची नळी तपासतात ती उभ्या गाडीवर: कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन. आवाज मोजण्याची तिथे सोयच नसते. त्यामुळे ज्या गाडीच्या आगमनाने टपरीचा पत्रा थरथरतो तिलाही प्रदूषण नियंत्रणात असल्याचा कागद मिळू शकतो, आणि मालक तो कागद प्रत्येक प्रश्नाचं उत्तर म्हणून पुढे करतो. "अहो, पीयूसी आहे ना!" फिल्मबद्दल विचारा, टायरबद्दल विचारा, नंबरप्लेटबद्दल विचारा, पीयूसी बाहेर येते.

आवाजाचा विषय मोठा आहे आणि त्याला इथेही जास्त जागा द्यावी लागेल, कारण तो तशीच जागा व्यापतो. मोटार बनवतानाच तिच्या आवाजाला सरकारने हद्द घालून दिलेली आहे. साध्या कारला ७४ डेसिबल, १७५ सीसीच्या वरच्या मोटारसायकलला ८०. हे मापन गाडी वेग घेत जवळून जात असताना साडेसात मीटरवरून केलं जातं. डेसिबलचं गणित सरळ बेरजेचं नसतं. दहा डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते. हे गणित बुलेटच्या मालकाला माहीत नसतं, पण त्याच्या खालच्या मजल्यावरच्या निवृत्त हेडमास्तरांना कानाने पाठ झालेलं असतं.

बुलेटचा सायलेन्सर बदलण्याची परंपरा कारपेक्षा जुनी आणि जास्त समृद्ध आहे. बाजारात त्याला इंदोरी, पंजाबी अशी घराण्यांची नावं आहेत. उत्तम सायलेन्सर तो, जो थ्रॉटल सोडल्यावर फटाके वाजवतो. मुळात सायलेन्सर या वस्तूने काय करायचं असतं, हे तिच्या खरेदीच्या वेळी कुणी काढत नाही. काही सायलेन्सरांत डीबी किलर नावाची छोटी नळी घातलेली येते. ती असेतो आवाज आटोक्यात राहतो. दुकानदार ती दाखवून सांगतो की या नळीमुळे हा माल कायदेशीर आहे, आणि त्याच वाक्यात ती काढायचा पाना कोणत्या नंबरचा हेही सांगतो. खोक्यावर बारीक अक्षरांत छापलेलं असतं की हा भाग फक्त स्पर्धेसाठी, सार्वजनिक रस्त्यासाठी नव्हे. मालक ते वाचतो, आपल्या गल्लीतल्या खड्ड्यांकडे पाहतो आणि याला रस्ता कोण म्हणतं, या निष्कर्षावर येतो.

आवाज, हवेचं प्रदूषण आणि रस्त्यावरची सुरक्षितता यांचे निकष मोडणारी गाडी चालवली तर कलम १९०, पोटकलम दोन लागतं. पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, शिवाय तीन महिन्यांसाठी लायसन्स बाद. राज्यातल्या अनेक शहरांत वाहतूक पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून त्यांवरून रोडरोलर फिरवलेला आहे. पत्रकारांना आगाऊ निरोप असतो. रोलर फिरताना सायलेन्सर शेवटचा जो आवाज काढतात तो खुद्द त्या रोलरच्या धडधडीत बुडून जातो. बघ्यांत उभा असलेला एखादा तरुण मान फिरवतो आणि मित्राला हळूच म्हणतो, "डावीकडून चौथा माझा." मित्र विचारतो, "मग आता?" "आता दुसरा घेतलाय. याच्यापेक्षा भारी आहे."

उसाच्या हंगामात कोल्हापूर-सांगलीकडे ट्रॅक्टर जे करतात ते यात मोडत नाही. ट्रॅक्टरचा सायलेन्सर मूळचाच असतो, पण सीटच्या मागे लग्नातल्या डीजेला शोभतील असे स्पीकर असतात. मागे दोन ट्रॉल्या ऊस, पुढे गाणं. मागून कुणी हॉर्न वाजवला तर ड्रायव्हरला तो गाण्याचाच भाग वाटतो. कारखान्याच्या वजनकाट्यावर सगळ्याचं वजन होतं, स्पीकरचं धरून.

काळ्या फिल्मचा इतिहास जास्त चढउताराचा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १०० प्रमाणे पुढच्या आणि मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे. २७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की इतका उजेड देणारी काच कंपनीने बनवून द्यावी, वरून फिल्म चिकटवू नये, कितीही टक्क्यांची असो. राज्यभर चौकाचौकांत पोलीस नखांनी फिल्म सोलताना दिसू लागले ते तेव्हापासून. पुढे नियमाची भाषा बदलली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने म्हटलं की ७० आणि ५० टक्क्यांचं प्रमाण पाळणारी फिल्म लावायला हरकत नाही. ही बातमी केरळातून महाराष्ट्रात येईपर्यंत वाटेत टक्केवारी गळून पडली. दुकानात पोचलं ते एवढंच: "फिल्म चालू झाली." आता ग्राहक वीस टक्केवाली मागतो, कारण आतून बाहेरचं दिसतंय ना, मग झालं. रात्री पार्किंगमधून गाडी काढताना तो बाजूची काच खाली करतो, मान बाहेर काढतो आणि तरीही खांबाला घासतो.

दोन दारांच्या उंच जीपगाड्यांना पुढे लोखंडी नळ्यांचा बुल बार लावायची पद्धत होती, आणि आहे. केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र लिहून त्यांवर कारवाई करायला सांगितलं. कारण साधं होतं: असा बार पादचाऱ्याला जास्त इजा करतो आणि टक्करीचा धक्का शोषण्यासाठी आखलेल्या भागाला त्याचं काम करू देत नाही. एअरबॅगचं गणितही बिघडू शकतं. कार्यकर्त्यांच्या गाड्यांना मात्र बुल बारशिवाय शोभा येत नाही, कारण नेत्याच्या वाढदिवसाचा फलक बांधायला दुसरी जागा नसते. टायरचं प्रकरण थोडक्यात असं की कंपनीने त्याच मॉडेलच्या वरच्या प्रकाराला जो आकार दिला आहे तिथपर्यंत कुणी फारसं बोलत नाही. त्यापुढे गेलेला टायर चाकाच्या कमानीला घासतो, आणि गाडी वळली की रबराच्या वासाने मालकाला तो ट्रॅकवर असल्याचा भास होतो. उलट ज्यांनी स्प्रिंग कापून गाडी खाली बसवली, त्यांना प्रत्येक स्पीडब्रेकर तिरका ओलांडावा लागतो. पेठांमधून सोसायटीपर्यंत जाताना असे इतके स्पीडब्रेकर लागतात, की सहा इंच वाचवून मालक रोज अर्धा किलोमीटर जास्त चालवतो.

नंबरप्लेट हा बदलाचा सर्वांत स्वस्त प्रकार, आणि मराठी माणसाची कल्पकता इथे सर्वांत फुललेली होती. इंग्रजी आकड्यांतल्या ८०५५ चं "बॉस", ४१४१ चं "दादा", २१४ चं "राम", ४९१२ चं "पवार" करणारे रंगारी गावोगाव होते. नियम ५० आणि ५१ यांत अक्षरांची उंची, जाडी आणि मधलं अंतर मिलिमीटरमध्ये दिलेलं आहे, पण दादांना मिलिमीटर कोण लावणार? या कलेचा शेवट कुण्या कारवाईने केला नाही. तो हाय सिक्युरिटी प्लेटने केला. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना ही प्लेट विकतानाच लागते. तिच्यावर होलोग्राम असतो, लेझरने कोरलेला क्रमांक असतो आणि ती एकदाच बसणाऱ्या लॉकने पक्की होते. जुन्या गाड्यांना ती बसवण्यासाठी महाराष्ट्रात २०२५ सालात एकामागून एक मुदतवाढ मिळाली. शेवटच्या दिवशी रांगेत उभे राहिलेले दादा आपल्या जुन्या प्लेटचे फोटो काढून घेत होते.

रस्त्यावर या सगळ्या कलमांची अंमलबजावणी पांढऱ्या शर्टातल्या एका हवालदाराकडे येते. त्याच्याजवळ डेसिबल मोजायचं यंत्र क्वचित असतं. फिल्मचे टक्के मोजायचं त्याहून क्वचित. त्याची पद्धत अनुभवजन्य आहे. गाडी तीन चौक अलीकडे असताना ऐकू आली, तर ती थांबवायची.

"सायलेन्सर कुठला?"

"कंपनीचा आहे साहेब."

"कुठल्या कंपनीचा?"

इथे मालक फोन काढतो. फोन कुणाला लावायचा हे गाडी घेतली त्या दिवसापासून ठरलेलं असतं. हवालदार शांतपणे वहीत लिहीत राहतो. "लावा, लावा. त्यांचीच गाडी काल धरली. तेही तुम्हालाच लावत असतील." यावर मालक पीयूसी दाखवतो.

एवढं सगळं वाचून कोणताच बदल करता येत नाही असा समज होण्याचा संभव आहे, पण तो खरा नाही. गाडीचा रंग बदलता येतो. आरटीओला कळवून आरसीवर नोंद करून घ्यायची. मान्यताप्राप्त सीएनजी किट बसवून तशी नोंद करता येते. मान्यताप्राप्त किटने पेट्रोल गाडीची विजेवर चालणारी गाडी करता येते. इंजिन बदलायचं तर त्याच जातीचं परवानगी घेऊन बदलता येतं. अपंग व्यक्तीला चालवता यावी म्हणून गाडीत फेरफार करायला तर २०१९ च्या दुरुस्तीने मुद्दाम वाट करून दिली आहे. या कायदेशीर बदलांमध्ये एकच दोष आहे. त्यांचा आवाज येत नाही. त्यामुळे गॅरेजच्या कट्ट्यावर त्यांचा विषय निघत नाही, आणि एखाद्याने सीएनजी किटची आरसीवरची नोंद अभिमानाने दाखवली तर मंडळी त्याच्याकडे सहानुभूतीने पाहतात.

याहून पुढची पायरी म्हणजे गाडीत बदल न करता गाडीच नव्याने घडवणं. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका कारागिराने भंगार गोळा करून, सुमारे साठ हजार रुपये खर्चून, मुलाच्या हौसेखातर चारचाकी तयार केली. ती किक मारून सुरू होत असे. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी तिचं कौतुक केलं आणि त्याच दमात हेही म्हटलं की ही गाडी कोणत्याच नियमात बसत नाही, आज ना उद्या अधिकारी ती थांबवतील. मग त्यांनी तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली, आणि जानेवारी २०२२ मध्ये ही देवाणघेवाण झाली. बेकायदा गाडीच्या मोबदल्यात शोरूमची गाडी मिळण्याचं उदाहरण डोळ्यांसमोर आल्यावर राज्यभरातल्या अनेक मालकांनी आपापल्या गाड्यांचे फोटो पाठवायला सुरुवात केली असल्यास नवल नाही. त्यांच्या बाबतीत अडचण अशी की त्यांची गाडी मुळात शोरूमचीच होती.

जर्मनीत या बाबतीत वेगळी रीत आहे. तिथे बदलाला बंदी नाही, पण प्रत्येक भागाचं प्रमाणपत्र लागतं आणि पुष्कळदा टीयूव्हीसारख्या संस्थेच्या तपासनीसाकडून पाहणी करून तो बदल गाडीच्या कागदांत चढवून घ्यावा लागतो. स्टुटगार्टला नोकरी करणारा पुतण्या सुट्टीत आला, की जेवणाच्या ताटावर हे सविस्तर सांगतो. काका ऐकून घेतात आणि विचारतात, "म्हणजे आधी विचारायचं आणि मग बसवायचं?" पुतण्या हो म्हणतो. काकांना ही पद्धत उलटी वाटते. 

ज्यांना खरोखर वेगच हवा असतो त्यांच्यासाठी कोइमतूरला कारी मोटर स्पीडवे आहे, चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टईला एक ट्रॅक आहे. तिथे स्टेज थ्रीची गाडी ट्रेलरवर घालून न्यावी आणि मन भरेपर्यंत पळवावी, कलम ५२ आड येत नाही. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावली तर कलम १८९ येतं: पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ट्रॅकवर जाऊन आलेले लोक मात्र एक विचित्र गोष्ट सांगतात. तिथे त्यांना पहिल्याच फेरीत एका हडकुळ्या मुलाने कंपनीच्या इंजिनाच्या गाडीतून मागे टाकलं. त्या मुलाने फक्त टायर आणि ब्रेक चांगले घातले होते आणि तो वळणावर कुठे बघायचं हे शिकून आला होता. हा खर्च गॅरेजवाला कधीच सुचवत नाही.

विम्याचा भाग मालकांना अपघातानंतर वाचायला आवडतो. गाडीत केलेला बदल विमा कंपनीला कळवून पॉलिसीत नोंदवून घेतला नसेल तर दावा अडतो. सर्व्हेअर येतो, बॉनेट उघडतो, कोनासारखा लाल एअर फिल्टर पाहतो आणि "हे काय?" असं विचारतो. मालक म्हणतो, "फिल्टर." सर्व्हेअर म्हणतो, "कंपनीचा?" हा प्रश्न मालकाने याआधी कुठेतरी ऐकलेला असतो. प्रस्तुत लेखकाची गाडी शोरूममधून आली तशीच आहे. यामागे कायद्याविषयी आदर आहे असं कुणी समजू नये. हप्ता आणि पेट्रोल भरून झाल्यावर स्टेज वनपुरतेही उरत नाहीत, एवढंच.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण, आणि त्यासाठी गाडी आरटीओच्या पाहणीला न्यावी लागते. सोप्या भाषेत, पासिंग. गाडी वयात आली, मालक प्रौढ झाला, तरी पासिंगची तारीख जवळ आली की घरात धावपळ उडते. फिल्म काढली जाते. बुल बार उतरतो. पिवळे पडलेले एलईडी दिवे निघतात आणि कंपनीचे दिवे परत बसतात. टायरही कुणाकडून तरी आणले जातात. अडतं ते सायलेन्सरवर. कंपनीचा सायलेन्सर काढला तेव्हा मालकाने तो जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवला होता. पण एका दिवाळीच्या सफाईत आईने तो भंगारवाल्याला दिला आणि बदल्यात दोन प्लॅस्टिकच्या बादल्या घेतल्या. त्यातली एक अजून बाथरूममध्ये आहे. नवीन सायलेन्सरचा भाव ऐकून मालक पुन्हा गॅरेजवाल्याकडे येतो. गॅरेजवाला आता वयस्क झालेला आहे, दोन मुलं हाताखाली आहेत, मागच्या शेडमध्ये भिंतीला कंपनीचे दहा-बारा सायलेन्सर ओळीने टांगलेले आहेत, प्रत्येकावर खडूने मॉडेलचं नाव.

"विकायचे आहेत का?"

"विकायचे नाहीत. पासिंगपुरते देतो, भाड्याने. तुमचा आहे बघा तिसरा. बुधवारी सकाळी दहाला न्या, एकपर्यंत आणून द्या. दोनला दुसऱ्याचं पासिंग आहे."